न फोडलेला नारळ

महाराज घोंगडीखाली गेले की सावरतलावाच्या पारीवर सगळे चिडीचूप. खोकणाऱ्या म्हाताऱ्याही पदराचा बोळा तोंडात कोंबून बसायच्या. पार म्हणजे आमच्याकडे तलावाचा मातीचा बांध. त्या पारीवर एकोडीचे, आसपासचे आणि साकोलीहून बसने आलेले लोक दाटलेले असायचे. समोर पाण्यात एक डोंगा, डोंग्याच्या टोकाला पाट, पाटावर जलेश्वरानंद महाराज, आणि त्यांच्यापुढे पाण्यावर लाल दोऱ्याला बांधलेला जटांचा नारळ डुलत असायचा. घोंगडीखालून बराच वेळ पुटपुटणं चाले. मग एक हात बाहेर येई.

"यहां! दोन पुरुष पाण्याखाली रोहूचा दरबार भरला आहे. जाळं टाका, बच्चा!"

ढिवर, म्हणजे आमच्याकडचे मासेमार, जाळं टाकत आणि खरोखरच जाळं भरून येई. पारीवर एकच गलका उठे. बाया जमिनीवर डोकं टेकत. कधी धुकं इतकं दाट असे की हातभर अंतरावरचं दिसू नये, तरी हा माणूस कालच्याच जागी डोंगा बरोबर नेऊन उभा करी. तलावातली देवी बोट धरून नेते म्हणे.

मी दामिनी खोब्रागडे. एकोडीला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. माझी जीभ तिखट आहे अशी स्टाफरूममध्ये तक्रार आहे आणि ती खरी आहे. महाराज प्रवचनात सांगत की तलावाखाली वरुणदेवाचे सात मजले आहेत, झिंगे तिसऱ्यावर, कतला पाचव्यावर. आमचा तलाव खोल तो किती? दोन-तीन माणसं. त्यात सात मजले बसवले तर कतल्याला कमरेत वाकून चालावं लागेल, असं मी म्हटलं, तर हेडमास्तरांनी डोळे वटारले. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. हा वरुणदेवाचा लाडका कफनीखाली लाईफ जॅकेट घालायचा. जॅकेटचा रंगच भगवा, त्यामुळे कोणाला काही खटकलं नाही.

पण मासे मिळत होते, हीच तर पंचाईत होती. ढिवरटोलीची, म्हणजे त्यांच्या वस्तीची, माणसं काही खुळी नाहीत. मच्छीमार सोसायटीचे अध्यक्ष हिरालालभाऊ पाण्याचा रंग बघून मासा सांगणारे. त्यांनीही पहिले काही दिवस हसण्यावारी नेलं होतं. नंतर तेच मला म्हणाले, "मॅडम, भरलेलं जाळं खोटं बोलते का?" मी चरफडत घरी आले.

मग जानेवारीत अंकुश गेला.

अंकुश टोलीतल्या पंचफुलाबाईचा एकुलता एक मुलगा. काही वर्षांपूर्वी माझ्याच वर्गात मागच्या बाकावर बसून खिडकीतून तलाव बघायचा. आम्हाला मागाहून कळलं, आदल्या संध्याकाळी महाराजांनी त्याला एकट्यालाच सांगितलं होतं की उद्या तुडुमाजवळ मोठा मासा बसेल. तुडूम म्हणजे तलावाचं पाणी शेतात सोडायची जुनी मोरी. तिच्याभोवती पाण्याखाली मेलेल्या झाडांचे खुंट उभे आहेत, म्हणून तिकडे सहसा कोणी जाळं टाकत नाही. अंकुश भल्या पहाटे एकटाच गेला. धुकं विरलं तेव्हा त्याचा रिकामा डोंगा वाऱ्याने ढकलत नेऊन दुसऱ्या काठाला लावलेला दिसला.

शोधपथक आलं. डोंगा जिथे सापडला तिथेच सगळ्यांनी बोट दाखवलं, त्यांनी तिथेच शोधलं. दुसऱ्या दिवशीही शोधलं. काही हाती लागलं नाही. तोवर महाराजांनी पारीवर उभं राहून जाहीर करून टाकलं होतं की अंकुश मेलेला नाही. देवीला तो आवडला, तिने त्याला सेवेसाठी आत नेलं आहे आणि सेवा संपली की ती त्याला हसतखेळत परत पाठवेल. अट दोनच. तुडुमाचा कोपरा आता देवीचा गाभारा झाला, तिकडे डोंगा न्यायचा नाही. आणि अंकुशच्या बायकोने पारीवरच बसून राहायचं. तिचा पाय पारीवरून खाली उतरला की देवीचा दरवाजा बंद.

ढिवरांची जुनी रीत आहे. तलावात माणूस बुडाला तर तो निघेपर्यंत कोणी जाळं टाकत नाही. ती रीत मायेची आहे, तिच्यावर माझा काही राग नाही. पण महाराजांनी नेमकी तीच धरली. जाळं नाही म्हणजे डोंगा नाही, डोंगा नाही म्हणजे त्या कोपऱ्याकडे कोणी फिरकणार नाही. टोलीतल्या चुली थंडावल्या तरी लोक हात जोडून बसले होते. गर्दी मात्र रोज वाढतच होती. देवाघरी गेलेला माणूस परत येणार म्हटल्यावर कोण घरी बसेल?

अंकुशची बायको रुचिता पारीवर ताडपत्रीखाली बसलेली. सातवा महिना लागलेला. पोटात अन्न नाही, फक्त तीर्थ म्हणून तलावाचं पाणी. उपकेंद्राच्या प्रतिक्षा सिस्टर रोज येऊन तिचं बीपी बघायच्या आणि रोज त्यांचा चेहरा आणखी उतरायचा. पाय सुजून भोपळ्यासारखे झालेले, डोकं ठणकायचं. सिस्टरांनी मला बाजूला नेऊन सांगितलं की हिला झटका आला तर आई आणि बाळ दोन्ही हातचे जातील, हिला आज दवाखान्यात न्यायला हवं. गाडी बोलावली होती. ती रिकामीच परत गेली. जबरदस्ती करू म्हटलं तर टोलीतली माणसं आडवी येत होती, आणि सगळ्यांच्या पुढे पंचफुलाबाई.

मी तिच्यापुढे जाऊन बसले. मला गोड बोलता येत नाही. मी म्हटलं, "रुचिता, अंकुश गेला गं पोरी. आता तू ऊठ."

तिचे ओठ फुटले होते.

"तुमी पायलं का जी त्याईले?"

"नाही."

"महाराजांनं पायलं. देवीपाशी बसून हायेत म्हणते." मग हळूच म्हणाली, "मॅडम, मी उठली आन् ते आले नाही, तं मी उठली म्हणून नाही आले असं होईन ना? मंग मी कशी जगू?"

माझी सगळी बुद्धी मला सांगत होती की तो मेला आहे, पण ते सिद्ध करायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. त्या क्षणी मला त्या भगव्या माणसाच्या नरडीला हात घालावासा वाटला. हात नाही घातला. शाळेची वेळ झाली होती, उठून निघाले.

महाराज रोज सकाळी डोंग्यात बसत, नारळ सोडत, घोंगडी ओढत आणि अंकुशची खुशाली सांगत. आज तो देवीला फुलं देऊन राहिला, आज त्याने आईची आठवण काढली. पंचफुलाबाई ते ऐकून रडायची आणि हसायची. एके दिवशी मात्र घोंगडीतून लगेच डोकं बाहेर आलं. देवी आज मौनात आहे म्हणे. मी पाय आपटत शाळेत गेले. आधीच माझं डोकं फिरलेलं होतं, कारण आदल्या संध्याकाळी गावातला ट्रान्सफॉर्मर जळाला होता आणि सकाळी माझ्या नळाला पाणी नव्हतं.

त्या दुपारी नववीच्या वर्गात ध्वनीचा धडा होता. दरवर्षी शिकवते तोच. पाण्यात आवाज सोडायचा, तो तळावर आपटून परत येतो, किती वेळाने आला यावरून खोली कळते. मध्ये मासा आला तर आवाज त्याच्यावरूनही परततो. फळ्यावर मी जहाज काढलं, त्याच्या खालून बाण काढले. आणि खडू हातातच राहिला. जहाजाच्या जागी मला लाल दोऱ्याचा नारळ दिसायला लागला.

दिवाळीनंतर एकदा दोन दिवस विजेची लाईन बंद होती. तेव्हाही देवी मौनात होती. म्हणजे ट्रान्सफॉर्मर जळाला की देवीचा घसा बसत होता! आणि तो नारळ? इतके महिने रोज तोच नारळ. कधी फोडला नाही, कधी पाण्यात सोडून दिला नाही. दोऱ्याने ओढून घ्यायचा, पुसायचा, कापडात गुंडाळून खोलीवर न्यायचा. नववीचा हा धडा टोलीतली निम्मी पोरं पाठ करून पास झाली होती, आणि त्यांना शिकवणारी मी रोज पारीवर उभी राहून तोच धडा तरंगताना बघत होते.

फोनवर शोधलं तर चित्र निघालं. मुठीएवढा काळा गोळा. पाण्यात टाकला की खालच्या बाजूने आवाज सोडतो, परत आलेला आवाज पकडतो आणि मोबाईलच्या पडद्यावर तळ, खोली, मासे सगळं उमटवतो. मोबाईलमधल्या नकाशावर त्या जागेवर खूण करून ठेवायची सोय आहे, म्हणजे धुक्यातही तिथेच परत जाता येतं. बाहेरगावी हौशी लोक तलावात गळ टाकायला हा वापरतात. सगळं उघड, दुकानात मिळणारं.

मी तडक हिरालालभाऊंकडे गेले. त्यांनी चित्र कितीतरी वेळ बघितलं. म्हणाले, बॅटरी असेल तर रात्री चार्ज करावी लागत असणार, आणि महाराजांना उन्हात घोंगडी कशाला लागते हे आता त्यांना कळलं. पडदा दिसावा म्हणून. मग त्यांनी फोन माझ्या हातात परत दिला.

"मॅडम, तुमचं खरंच असन. पन पाण्याले देल्लेल्या नारळाले हात कोन लावन?"

खरी मेख हीच होती. ढिवरांत पाण्याला वाहिलेल्या नारळाला कोणी शिवत नाही. वाहून काठाला लागला तरी पोरं त्याला वळसा घालून जातात. त्या भामट्याने हे हेरलं आणि आपलं यंत्र जगातल्या सगळ्यांत सुरक्षित जागी ठेवलं. त्याला कुलूप लावायचीही गरज नव्हती. मी म्हटलं, मी लावते हात. हिरालालभाऊंनी मान हलवली. तुमच्यात चालतं मॅडम, म्हणाले, पण आमच्या पाण्यावर तुम्ही हात लावला तर गोष्ट नारळाची राहणार नाही, टोली तुमच्या अंगावर येईल आणि महाराज नामानिराळे राहतील. मला राग आला, पण ते खरं बोलत होते.

दुसऱ्या दिवशी गावात वीज आली होती, म्हणजे देवीही आली. पार गच्च भरली होती. मी पोचले तेव्हा प्रतिक्षा सिस्टर रुचिताचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. रुचिता सासूच्या दिशेने हात चाचपडत होती. "माय, तुमचं तोंड नाही दिसून राहिलं मले," ती म्हणाली. "अंधुक अंधुक होऊन राहिलं." सिस्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या कधी रडणाऱ्यांतल्या नाहीत.

माझा धीर सुटला. महाराज घोंगडीतून अंकुशची खुशाली सांगत होते, तेवढ्यात मी पाण्याच्या कडेला जाऊन ओरडले की तो नारळ फोडून दाखवा. देवीचा असेल तर आत खोबरं निघेल, प्रसाद वाटा, मी सगळ्यांसमोर तुमच्या पाया पडते.

घोंगडी हलली. आतूनच महाराज कडाडले, "खबरदार! जो इस नारियल को छुएगा, उसका वंश डूबेगा!"

पार मागे सरकली. दोन पोरं माझ्या आडवी आली. हिरालालभाऊ खाली मान घालून उभे होते. मला वाटलं, संपलं. आता ही पोरगी आपल्या डोळ्यांदेखत मरणार.

तेव्हा पंचफुलाबाई उठली. सुनेचा हात तिने सिस्टरांच्या हातात दिला. लुगडं खोचलं आणि सरळ पाण्यात उतरली. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं.

"वंश बुडन म्हनता, महाराज?" ती म्हणाली. आवाज मोठा नव्हता, पण साऱ्यांना ऐकू गेला. "एक पाण्यात बुडाला. एक ह्या पोरीच्या पोटात मरून राहिला. आता मले कायचं भेव दाखवता जी?"

तिने दोरा धरून ओढला आणि नारळ उचलला. एक क्षण हातात तोलला. जन्मभर नारळ हाताळलेली बाई ती. खालून बोटं फिरवली आणि म्हणाली, याच्या बुडाला भोक आहे, मेण लावलं आहे. मग काठाकडे येऊन घाटाच्या धुण्याच्या दगडावर तिने तो दाणकन आपटला.

पाणी नाही, खोबरं नाही. करवंटीतून काळा गोळा घरंगळला आणि दगडाशी येऊन थांबला. त्याच्या डोक्यावर लाल दिवा लुकलुकत होता.

मग हिरालालभाऊ पाण्यात शिरले, डोंग्यापाशी जाऊन त्यांनी घोंगडी खेचली. आत महाराज दोन्ही हातांनी मोबाईल धरून बसलेले. ते दचकून उठायला गेले, डोंगा कलला आणि ते पाण्यात पडले. बुडाले नाहीत. भगव्या जॅकेटमुळे बुचासारखे वर आले आणि हातपाय मारत राहिले. त्यांना पोहता येत नव्हतं. मोबाईल हिरालालभाऊंच्या हातात राहिला.

पडद्यावर आपला तलाव होता. उथळ पाणी फिकट, खोल पाणी गडद, आणि जागोजागी माशांच्या दरबाराच्या खुणा. सगळ्या पिवळ्या. तुडुमापाशी मात्र एकच लाल खूण होती. तिच्यावर बोट ठेवलं तर तारीख उमटली. अंकुश गेला तीच.

हिरालालभाऊंनी त्या माणसाला कॉलर धरून काठावर ओढलं आणि एवढंच विचारलं की तुला माहीत होतं का. तो थरथरत बोलला. रिकामा डोंगा सापडल्यावर दुपारी तो एकटाच तुडुमाकडे गेला होता. खुंटांच्या मध्ये पडद्यावर काहीतरी लांबट आडवं दिसलं, जे आदल्या दिवशी नव्हतं. त्याला कळलं. पोराला तिकडे त्यानेच पाठवलं होतं. ते सांगितलं असतं तर लोकांनी मला सोडलं नसतं, म्हणाला. म्हणून त्याने खूण केली, आणि तो कोपरा देवीला देऊन टाकला. त्या माऊलीला रोज खुशाली सांगताना याची जीभ झडली कशी नाही?

लोक त्याच्या अंगावर धावले. मी मध्ये उभी राहिले. त्याची दया आली म्हणून नव्हे. त्याला मारत बसलो असतो तर रुचिताचा वेळ गेला असता, आणि अंकुश सापडल्याशिवाय ती उठणार नव्हती.

हिरालालभाऊ टोलीतल्या दोघा पोहणाऱ्यांना घेऊन डोंग्याने निघाले. मोबाईलच्या नकाशावर आपण कुठे आहोत ते दाखवणारा ठिपका सरकत सरकत लाल खुणेवर गेला. गोळा पाण्यात सोडला, तर पडद्यावर खुंटांच्या उभ्या रेघा आणि मध्ये ती आडवी सावली. यंत्राला ओंडका आणि माणूस यांतला फरक कळत नाही, मी आधीच सांगून ठेवलं होतं. माणसांना उतरूनच बघावं लागलं. त्यांनी बुडी मारली. अडकलेलं जाळं सोडवायला अंकुश उतरला असावा आणि जाळ्यानेच त्याला खुंटाशी धरून ठेवलं होतं. म्हणून तो इतके दिवस वर आला नाही.

डोंगा काठाला लागला तेव्हा वरून दुपट्टा टाकलेला होता, पण निळ्या स्वेटरची बाही बाहेर होती. पंचफुलाबाईने ती बाही धरली आणि तिथेच बसली. आम्ही सगळ्यांनी रुचिताकडे बघितलं. ती रडेल, बेशुद्ध पडेल, काहीतरी होईल असं वाटलं. तिने विचारलं, निळा स्वेटर आहे का. सिस्टर हो म्हणाल्या.

"सिस्टर," ती म्हणाली, "आता उठवा मले."

तिला आधी साकोलीला आणि तिथून भंडाऱ्याला नेलं. त्याच दिवशी ऑपरेशन झालं. मुलगी झाली. ओंजळीत मावेल एवढी, पण जगली. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर दोघीही गेल्या असत्या, असं डॉक्टरांनी सिस्टरांना सांगितलं. जलेश्वरानंदाला पोलीस घेऊन गेले. त्याच्यावर खटला चालू आहे, मी साक्षीदार आहे आणि माझी जीभ अजून तिखट आहे.

लोक मला विचारतात की मॅडम, यंत्र वाईट का? नाही हो. यंत्राने एकही खोटी गोष्ट सांगितली नाही. मासे दाखवले ते होते, खुंट दाखवले ते होते, अंकुशलाही पहिल्याच दिवशी दाखवलं. तोच पडदा घोंगडीबाहेर सगळ्यांसमोर असता, तर खुंट बघून अंकुश तिकडे गेलाच नसता. गेला असता तरी त्याची बायको दिवसचे दिवस पारीवर मरण कवटाळून बसली नसती. खोटी होती ती घोंगडी. म्हणून माझं सांगणं साधं आहे. कोणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी विचारा की हे कसं होतं. आणि तो म्हणाला की याला हात लावू नका, तर आधी तिथेच हात लावा.

टोलीने रीत सोडलेली नाही, सोडावी असं मीही म्हणत नाही. या जानेवारीत पंचफुलाबाई नातीला कडेवर घेऊन तुडुमापाशी आली, अंकुशच्या नावाने नारळ वाहायला. मी सोबत होते. तिने नात माझ्याकडे दिली. नारळ कानाशी धरून हलवला, आतलं पाणी ऐकलं. मग दगडावर फोडला, दोन्ही वाट्या आमच्यापुढे धरून पांढरं खोबरं दाखवलं आणि मगच तलावात सोडल्या.